लिनक्समध्ये साटा लिंकची वीजबचत: कुठवर झोपू द्यायचं

लॅपटॉप नुसता उघडा ठेवलाय, कुणी काही टाइप करत नाही, डिस्ककडे कसली मागणी नाही. तरी डिस्क आणि चिपसेट यांच्यामधली साटा लिंक टक्क जागी असते. पाठवायला डेटा नसला तरी दोन्ही टोकं ताळमेळ टिकवण्यासाठी एकमेकांना सतत सिग्नल धाडत राहतात. त्यात वीज जातेच, पण खरा फटका दुसरीकडे बसतो. लिंक जागी असेपर्यंत इंटेलच्या हॅसवेल आणि त्यानंतरच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये अख्खं प्रोसेसर पॅकेज खोल सी-स्टेटमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या वीजबचतीच्या अवस्थेत, जात नाही. म्हणजे एका लिंकपायी सगळं घर जागं. ही लिंक नीट झोपवली की अनेक लॅपटॉपवर रिकाम्या वेळी १ ते १.५ वॉट वाचतात. रिकाम्या वेळचा सगळा खर्चच सात-आठ वॉट असेल तर हा फरक बॅटरीवर सरळ दिसतो.

कमांड, फाइल आणि सेटिंगची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन अक्षरांत टाइप करायची, अंडरस्कोर आणि स्लॅश दिले आहेत तिथेच ठेवायचे.

डुलकी, झोप आणि गाढ झोप

साटाच्या लिंकला जागेपणाखेरीज तीन अवस्था आहेत. पार्शल म्हणजे डुलकी, यातून जागं व्हायला जास्तीत जास्त १० मायक्रोसेकंद. स्लंबर म्हणजे झोप, जागं व्हायला १० मिलिसेकंदांपर्यंत. तिसरी डेव्हस्लीप. हिच्यात लिंकचं सर्किट जवळपास बंदच होतं, त्यामुळे जागं करायचा इशारा नेहमीच्या डेटा तारांवरून देता येत नाही, त्यासाठी वेगळी पिन लागते. डेस्कटॉपच्या साध्या केबलवर डेव्हस्लीप सहसा मिळत नाही ते म्हणूनच.

झोपवायचं कुणी, हा दुसरा प्रश्न. होस्टने म्हणजे कंट्रोलरने झोपवलं तर त्याला एचआयपीएम म्हणतात, डिस्कने स्वतःहून झोप मागितली तर डीआयपीएम. एएचसीआय (साटा कंट्रोलरशी बोलायची प्रमाणित पद्धत) पाळणाऱ्या कंट्रोलरला एक सोय आहे: रांगेत एकही कमांड उरली नाही की सॉफ्टवेअरला न विचारता तो लिंक खाली नेतो. तिचं नाव एएलपीएम. लिनक्स कर्नलमध्ये ती २००८ च्या २.६.२४ पासून आहे.

किती खोल झोपवायचं आणि कुणी, या दोन गोष्टींच्या जोडणीतून कर्नलच्या पॉलिसी बनतात:

मॅक्स_परफॉर्मन्स: झोप बंद, लिंक कायम जागी.
मीडियम_पॉवर: होस्ट फक्त पार्शलपर्यंत नेतो.
मेड_पॉवर_विथ_डीआयपीएम: होस्ट पार्शलपर्यंतच नेतो, पण डिस्कला स्वतःहून स्लंबर मागायची मुभा असते.
मिन_पॉवर_विथ_पार्शल: होस्ट पार्शलपर्यंत, डिस्कला मुभा, शिवाय सोय असेल तर डेव्हस्लीपही.
मिन_पॉवर: होस्ट थेट स्लंबरमध्ये ढकलतो, शिवाय डेव्हस्लीप.

तिसरी आणि पाचवी यांतला फरक बारीक दिसतो, पण सगळी मेख तिथेच आहे. तिसऱ्या पॉलिसीत खोल झोपेचा निर्णय डिस्कचा असतो. तिचं फर्मवेअर, म्हणजे डिस्कच्या आतलं सॉफ्टवेअर, कॅशमधलं लिहून झालं की नाही, आतली साफसफाई चालू आहे की नाही, हे बघून झोप मागतं. पाचवीत कंट्रोलर बाहेरून झोप लादतो, आणि काही डिस्कच्या फर्मवेअरला ते झेपत नाही. कर्नलच्या कॉन्फिगरेशनमधल्या मदतीच्या मजकुरातच मिन_पॉवरबद्दल स्पष्ट इशारा आहे की काही डिस्कवर तिच्यामुळे डेटा खराब झालेला आहे, वापरू नये. विंडोजवर इंटेलचा आरएसटी ड्रायव्हर मूळ सेटिंगमध्ये जे करतो तेच तिसरी पॉलिसी करते. म्हणजे डिस्क बनवणाऱ्यांनी ज्या वागणुकीवर डिस्क तपासलेल्या असतात, तीच ही. २०१८ च्या जानेवारीत ४.१५ कर्नलमध्ये ती आली. तिसरी सोडून पाचवीकडे जाण्यात अर्ध्या वॉटचाही भरवसा नाही, धोका मात्र पक्का. त्यामुळे पुढे सगळीकडे तिसरीच धरली आहे.

हात लावण्याआधी

पहिलं काम बॅकअप. हे उपचार म्हणून लिहिलेलं नाही, लिंकचा घोळ झाला तर मार फाइलसिस्टमला बसतो.

दुसरं, बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआय आहे का बघा. आयडीई मोडमध्ये वेगळा ड्रायव्हर लागतो आणि यातलं काहीच चालत नाही. चालू विंडोज असलेल्या मशीनवर हा मोड तयारीशिवाय बदलू नका, विंडोज बूट व्हायचं थांबतं.

तिसरं, कंट्रोलरला काय येतं ते त्यालाच विचारा. डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) एएचसीआयच्या ओळी शोधा, त्यांत ‘फ्लॅग्ज’ची एक ओळ सापडते. तीत ‘पीएम’ असेल तर एएलपीएम आहे. इथे खूप जण फसतात: पीएम म्हणजे पोर्ट मल्टिप्लायर (एका पोर्टवर अनेक डिस्क जोडायची सोय) नव्हे, त्याचा फ्लॅग ‘पीएमपी’. ‘पार्ट’ आणि ‘स्लम’ हे पार्शल आणि स्लंबरचे, ‘एसडीएस’ डेव्हस्लीपचा. त्याच ओळीत ‘एपीएसटी’ दिसलं तर तो पार्शलमधून आपोआप स्लंबरमध्ये उतरण्याचा गुण आहे. एनव्हीएमई डिस्कच्या (साटाऐवजी पीसीआयवर बसणाऱ्या एसएसडीच्या) एपीएसटीशी त्याचा काही संबंध नाही, नावं योगायोगाने सारखी.

चौथं, डिस्कची बाजू. सुडो एचडीपार्म -आय /डेव्ह/एसडीए, यातला आय कॅपिटल. यादीत ‘डिव्हाइस-इनिशिएटेड इंटरफेस पॉवर मॅनेजमेंट’ ही ओळ हवी. तिच्यापुढे तारा असेल तर गुण चालू आहे, नुसती ओळ असेल तर गुण आहे पण बंद. ओळच नसेल तर तिसऱ्या पॉलिसीतून मीडियम_पॉवरपेक्षा जास्त काही हाती लागणार नाही.

पाचवं, कोणती डिस्क कोणत्या होस्टवर आहे ते. इथे होस्ट म्हणजे कर्नलने प्रत्येक पोर्टला दिलेला नंबर. लॉगमध्ये नाव येतं एटीए१, एटीए२ असं, मोजणी १ पासून. पॉलिसीची फाइल असते होस्ट०, होस्ट१ खाली, मोजणी ० पासून, आणि त्या मोजणीत यूएसबी डिस्कही शिरतात. त्यामुळे ‘एटीए३ म्हणजे होस्ट२’ हे गणित कधी जुळतं, कधी नाही. अंदाज करू नका:

रीडलिंक -एफ /सिस/ब्लॉक/एसडीए

उत्तरात एक लांबलचक वाट येते, तिच्या पोटात ‘एटीए१/होस्ट०/टार्गेट०:०:०’ असा तुकडा असतो. दोन्ही नंबर तिथे शेजारी-शेजारी मिळतात, ते लिहून ठेवा.

पॉलिसी बदलणे

आत्ता काय आहे ते बघा:

कॅट /सिस/क्लास/एससीएसआय_होस्ट/होस्ट०/लिंक_पॉवर_मॅनेजमेंट_पॉलिसी

कर्नल नवा असेल तर इथे मेड_पॉवर_विथ_डीआयपीएम आधीच बसलेली सापडेल. पूर्वी ही मूळ सेटिंग लॅपटॉपच्या चिपसेटपुरती होती. २०२४ च्या मे महिन्यातल्या ६.९ पासून ती बहुतेक सगळ्या एएचसीआय कंट्रोलरना लागू झाली. वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला डेस्कटॉप कर्नल अपडेटनंतर अचानक अडखळायला लागला, तर संशयितांच्या यादीत हे वर ठेवा.

बदलायचं असेल तर:

एको मेड_पॉवर_विथ_डीआयपीएम | सुडो टी /सिस/क्लास/एससीएसआय_होस्ट/होस्ट०/लिंक_पॉवर_मॅनेजमेंट_पॉलिसी

‘सुडो एको’ करून बाणाच्या चिन्हाने फाइलमध्ये ढकलायला गेलात तर परवानगी नाकारली जाईल. सुडो फक्त एकोला लागतो, फाइल उघडतो तुमचा साधा शेल. म्हणून टी, ती कमांड सुडोच्या परवानगीने स्वतः फाइलमध्ये लिहिते.

‘इनव्हॅलिड आर्ग्युमेंट’ आलं तर नावाचं स्पेलिंग चुकलंय, किंवा कर्नल इतका जुना आहे की त्याला हे नाव माहीत नाही. ‘ऑपरेशन नॉट सपोर्टेड’ आलं तर जबरदस्ती करू नका. बहुधा तुमच्या डिस्कचं मॉडेल कर्नलच्या आतल्या यादीत ‘हिला झोपवू नका’ अशा शेऱ्यासह आहे, किंवा त्या पोर्टवर ही सोयच बंद ठेवलेली आहे. ६.९ नंतर त्या यादीत क्रुशलचं सीटी२४०बीएक्स५००एसएसडी१ आणि एपेसरचं एएस३४० अशी मॉडेलं वाढली, कारण झोपेतून ती नीट उठत नव्हती.

एका वेळी एकच होस्ट बदला. चार डिस्कची पॉलिसी एका दमात बदलली आणि रात्री गोंधळ झाला, तर कुणी केला हे शोधण्यात दुसरा दिवस जाईल.

खरंच वाचतंय का?

फाइलमध्ये नाव बसलं म्हणजे लिंक झोपली असं नाही. पॉवरटॉप (वीजखर्च दाखवणारं साधन) उघडून ‘आयडल स्टॅट्स’च्या पानावर पॅकेजचा रकाना बघा. पीसी म्हणजे पॅकेजची सी-स्टेट, नंबर जितका मोठा तितकी झोप खोल. आधी पीसी२ किंवा पीसी३ वर अडकलेलं पॅकेज आता पीसी६, पीसी७ किंवा त्याहून खोल अवस्थेत वेळ काढू लागलं तर काम झालं. टर्बोस्टॅट हेच आकडे जास्त नेमके देतो.

वॉट मोजायचे तर चार्जर काढा, स्क्रीनचा उजेड एका जागी ठेवा, वायफाय आहे तसं राहू द्या आणि पाच मिनिटं काहीच करू नका. मग /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय/बॅट०/पॉवर_नाऊ वाचा. आकडा मायक्रोवॉटमध्ये असतो, ७२००००० म्हणजे ७.२ वॉट. काही मशीनवर ही फाइल नसते, तिथे करंट_नाऊ आणि व्होल्टेज_नाऊ यांचा गुणाकार करून दहाच्या बाराव्या घाताने भागा. दर मिनिटाला एक असे दहा आकडे घेऊन मधला धरा. ब्राउझर चालू ठेवून घेतलेल्या मोजणीला अर्थ नाही, एक जाहिरात हलली तरी हा फरक बुडून जातो.

पॅकेज खाली उतरलंच नाही तर दोष लिंकचाच असेल असं नाही. ग्राफिक्स, ध्वनी, यूएसबी किंवा एखादं पीसीआय कार्डही पॅकेजला धरून ठेवतं. लिंक झोपवणं ही अट आहे, हमी नाही.

बिघाड उठताना होतो, पळताना नाही

चाचणीत सगळ्यात जास्त चूक इथे होते. पॉलिसी बदलली की लोक तासभर मोठ्या फाइली कॉपी करतात आणि ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळे होतात. पण सलग कॉपी चालू असताना लिंकला झोपायला फुरसतच मिळत नाही. जे तपासायचं ते घडलंच नाही. घोळ होतो तो झोपेतून उठण्याच्या क्षणी, त्यामुळे चाचणीत डिस्कला शेकडो वेळा झोपवून उठवायला हवं.

त्यासाठी छोटी बॅश स्क्रिप्ट पुरते. एका फेरीत डीडीने डिस्कवरून ४ एमबी वाचायचे (बीएस=१एम, काउंट=४), आउटपुट /डेव्ह/नल मध्ये, आणि स्किपला दर वेळी वेगळा आकडा द्यायचा. मग १ ते १५ सेकंदांमधला कुठलाही वेळ थांबायचं आणि पुन्हा पहिल्यापासून. थांबण्याचा वेळ ठरावीक ठेवू नका, काही डिस्क नेमक्या एखाद्या अंतरानेच अडखळतात. डीडीला आयफ्लॅग=डायरेक्ट द्यायला विसरू नका. नाहीतर तेच तुकडे रॅममधून परत मिळतील आणि डिस्क निवांत झोपलेली राहील. सगळं वाचनच आहे, त्यामुळे डेटाला हात लागत नाही, पण आयएफ (कुठून वाचायचं) आणि ओएफ (कुठे लिहायचं) यांची अदलाबदल केलीत तर डिस्क गेली, म्हणून एंटर दाबण्याआधी ओळ परत वाचा.

दुसऱ्या खिडकीत सुडो डीमेसेज -डब्ल्यू चालू ठेवा, डब्ल्यू स्मॉल. रात्रभर चालवून सकाळी लॉग कोरा असेल तर चाचणी पास. शिवाय लॅपटॉप दहा-बारा वेळा सस्पेंड करून उठवा आणि तितक्याच वेळा चार्जर काढून लावा. चार्जर काढला-लावला की वीजबचतीची साधनं पॉलिसी बदलतात, आणि तो क्षणही नाजूक असतो.

लॉग काय सांगतो

बिघाड असा दिसतो: माउसचा बाण हलतोय, पण कुठलाही प्रोग्रॅम उत्तर देत नाही. दहा, वीस, तीस सेकंद. मग सगळं एकदम सुरू. लॉगमध्ये त्या वेळी ‘एटीए१.००: एक्सेप्शन ईमास्क’ ने सुरू होणारी ओळ, शेवटी ‘फ्रोझन’, खाली ‘फेल्ड कमांड: रीड एफपीडीएमए क्यूड’, मग ‘हार्ड रीसेटिंग लिंक’ आणि अखेर ‘साटा लिंक अप ६.० जीबीपीएस (एसस्टेटस १३३ एसकंट्रोल ३००)’.

या कंसातले आकडे वाचता आले की अर्धं निदान झालं. एसस्टेटसचे तीन अंक तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. शेवटचा ३ म्हणजे डिस्क सापडली आणि बोलणं जुळलं. मधला ३ म्हणजे वेग ६ जीबीपीएस, २ असता तर ३, आणि १ असता तर १.५. पहिला अंक झोपेचा: १ जागी, २ पार्शल, ६ स्लंबर, ८ डेव्हस्लीप. एसकंट्रोलचा पहिला अंक मनाईचा, ३ म्हणजे पार्शल आणि स्लंबर दोन्हींना मनाई. बूटच्या लॉगमध्ये जवळपास प्रत्येक मशीनवर ३०० दिसतो, त्यावरून ‘माझ्याकडे झोप बंद आहे’ असं समजू नका. ती ओळ लिंक जुळल्याक्षणी छापली जाते, पॉलिसी त्यानंतर लागते.

आता लिंक झोपेमुळे पडली की केबलमुळे? ‘एसएरर’ च्या महिरपी कंसात बघा. नुसतं ‘फायरेडीचेंज’ आणि ‘कॉमवेक’ असेल, आणि तेही मशीन रिकामं असताना, तर रोख झोपेकडे. ‘बॅडसीआरसी’, ‘१०बी८बी’, ‘डिस्पार’ असे शब्द असतील आणि भर कॉपीत आले असतील तर केबल, कनेक्टर किंवा वीजपुरवठा. स्मार्टसीटीएल (डिस्कची तब्येत दाखवणारी कमांड) मधला १९९ नंबरचा गुण, यूडीएमए सीआरसी एरर काउंट, आज लिहून ठेवा आणि आठवड्याने बघा. वाढला असेल तर आधी केबल बदला, पॉलिसीला दोष देऊ नका. जुन्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी घालून दुसरी डिस्क बसवलेली असेल तर संशय आधी त्या कॅडीच्या कनेक्टरवर घ्या.

रोख झोपेकडेच असेल तर त्या एका होस्टवर मॅक्स_परफॉर्मन्स लावून दोन दिवस बघा. तक्रार थांबली तर मीडियम_पॉवर लावून पाहा. पार्शल पचतं पण स्लंबर नाही, अशा डिस्क असतात. एसएसडीचं नवं फर्मवेअर आलंय का हेही बघा, कारण मूळ दुरुस्ती तिथेच होऊ शकते.

कायम बसवणे

सिसमधलं काहीही रीबूटनंतर टिकत नाही. कायम करायच्या तीन वाटा आहेत, त्यांतली एकच निवडा.

लॅपटॉपवर टीएलपी (वीजबचतीची सेटिंग सांभाळणारं साधन) असेल तर /ईटीसी/टीएलपी.कॉन्फ मध्ये साटा_लिंकपीडब्ल्यूआर_ऑन_एसी आणि साटा_लिंकपीडब्ल्यूआर_ऑन_बॅट या दोन ओळी. आडमुठ्या होस्टसाठी साटा_लिंकपीडब्ल्यूआर_डिनायलिस्ट मध्ये त्याचं नाव घाला.

टीएलपी नको असेल तर युडेव्हचा (डिव्हाइस सापडलं की नियम लावणाऱ्या सोयीचा) नियम: /ईटीसी/युडेव्ह/रूल्स.डी खाली ६०-साटा-एलपीएम.रूल्स नावाची फाइल, आत एकच ओळ. अॅक्शन ‘अॅड’, सबसिस्टम ‘एससीएसआय_होस्ट’, कर्नल ‘होस्ट*’, आणि एटीटीआर च्या महिरपी कंसात लिंक_पॉवर_मॅनेजमेंट_पॉलिसी. पहिल्या तिन्हींना दोन बरोबरची चिन्हं, कारण ती जुळणी आहे. शेवटच्याला एकच, कारण ते मूल्य बसवणं आहे. तिथे चुकून दोन पडली तर नियम मुकाट्याने काहीच करत नाही आणि एररही देत नाही.

तिसरी वाट बूटच्या ओळीत एएचसीआय.मोबाइल_एलपीएम_पॉलिसी=३. यातला १ म्हणजे मॅक्स_परफॉर्मन्स आणि पुढे वर दिलेल्या क्रमाने ५ पर्यंत. ० म्हणजे फर्मवेअरने जे ठेवलंय तेच राहू द्या. नावात मोबाइल असलं तरी नव्या कर्नलवर ते डेस्कटॉपलाही लागतं. एकाच पोर्टला वगळायचं तर लिबएटीए.फोर्स=१:नोएलपीएम. इथला १ एटीएचा नंबर आहे, होस्टचा नव्हे.

एकच वाट का, तर टीएलपी, ट्यून्ड आणि पॉवरटॉप ही तिन्ही साधनं याच फाइलमध्ये लिहितात आणि शेवटी लिहिणारा जिंकतो. पॉवरटॉपच्या ऑटो-ट्यूनवर खास नजर ठेवा, त्याच्या जुन्या आवृत्त्या सरळ मिन_पॉवर लिहायच्या. बूटनंतर पाच मिनिटांनी फाइल पुन्हा वाचून खात्री करा.

कुठे जाऊ नये

रेड अॅरेच्या, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधलेल्या संचातल्या, डिस्कवर मॅक्स_परफॉर्मन्सच ठेवा. एका डिस्कची लिंक झोपेतून उठताना अडकली, कमांड नापास झाली आणि एमडीने (लिनक्सच्या रेड ड्रायव्हरने) ती डिस्क अॅरेबाहेर काढली, तर दोन वॉट वाचवायच्या नादात काही तासांचं रीबिल्ड गळ्यात पडतं.

चालू मशीनवर डिस्क काढ-घाल करायच्या पोर्टवरही नको. झोप चालू असली की डिस्क लावल्याचा इशारा कंट्रोलरपर्यंत पोचत नाही, शिवाय तिसरीपासून पुढच्या पॉलिसीत रिकामा पोर्ट कर्नल बंदच करून टाकतो. अशा पोर्टला डिस्क लावली आणि दिसली नाही तर आधी मॅक्स_परफॉर्मन्स लावा, मग त्याच होस्टच्या ‘स्कॅन’ फाइलमध्ये मोकळी जागा सोडून तीन डॅश लिहा.

एनव्हीएमई डिस्कला यातलं काहीच लागू नाही, तिची झोप एएसपीएम (पीसीआय लिंकची वीजबचत) आणि तिच्या स्वतःच्या एपीएसटीवर चालते. फिरत्या हार्ड डिस्कवर लिंक झोपली तरी तबकड्या फिरतच राहतात. त्या थांबवायच्या तर एचडीपार्मचे -बी (कॅपिटल) आणि -एस (कॅपिटल) हे पर्याय, आणि तो वेगळा विषय आहे.

डिस्क कुठल्याच झोपेला तयार नाही हे सिद्ध झालं तर कर्नलचा लिबएटीए हा साटाचा भाग सांभाळणाऱ्यांना कळवा. सोबत बिघाडाच्या वेळचा पूर्ण डीमेसेज, कर्नलची आवृत्ती, कोणत्या पॉलिसीवर काय झालं, आणि एचडीपार्मने दाखवलेलं मॉडेलचं नाव आणि फर्मवेअरची आवृत्ती जशीच्या तशी द्या. खोक्यावरचं नाव देऊ नका, कर्नलची यादी डिस्कने स्वतः सांगितलेल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवते.